मासे सगळेच खातात, पण वाडी कुठली?

"कोकणात जातपात फारशी नाही हो, तिथं सगळेच मासे खातात."

हे वाक्य मी एका प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलंय. बुलेटवरून किनारा पालथा घालून मोबाइलवर व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांकडून ऐकलंय. आणि मागच्या महिन्यात आपल्याच एका कार्यकर्त्याकडूनही ऐकलं, म्हणून हा लेख. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की पुण्या-मुंबईच्या गाड्या सागरी मार्गाला लागतात. एखाद्या वळणावर ताडपत्रीचं नाहीतर झावळ्यांचं छप्पर, चार प्लास्टिकची टेबलं, तव्यावर चुरचुरणारी सुरमई, स्टीलच्या पेल्यात सोलकढी. मग ताटाचा फोटो आणि खाली ओळ: 'इथं ना जात, ना धर्म, फक्त मासे.' फोटोत ताट असतं, समुद्र असतो. ताट कोणी धुतलं, टपरी कोणाच्या जमिनीवर उभी आहे आणि पाटीवर कोणाचं नाव आहे, हे फोटोत येत नाही.

मासे सगळे खातात, हे खरंच आहे. कोकणात सारस्वत ब्राह्मण मासे खातात, सीकेपी खातात, मराठे, कुणबी, भंडारी, आगरी, कोळी, मुसलमान खातात, आणि आपण बौद्धही खातो. बोंबील, सुकट, मांदेली, कालवं, तिसऱ्या हे कोणा एका जातीचं खाणं नाही. म्हणजे एकसारखं खाल्ल्याने जात जात असती, तर ती सगळ्यात आधी रायगड-रत्नागिरीतून गेली असती. गेली का? या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जा आणि गेल्या वीस वर्षांत एका वाडीतून दुसऱ्या वाडीत किती सुना गेल्या ते मोजा. बोटं शिल्लक राहतील. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म अंतर्विवाहात आहे, असं दाखवून दिलं होतं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपले लोक अजून ताटात काय आहे तेच बघत बसलेत.

आता पाट्यांकडे या. अलिबागपासून गुहागरपर्यंत रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचत जा. 'सीकेपी पद्धतीचे मासे', 'अस्सल आगरी-कोळी चव', 'सारस्वत घरगुती जेवण', 'मराठा खानावळ'. जातीचं नाव पाटीवर लिहिलेलं आहे, रंगवलेलं आहे, रात्री त्यावर दिवे लागतात. ते वाचून कोणाला जातीयवाद आठवत नाही, तोंडाला पाणी सुटतं. जात इथं चव झाली आहे, आणि चवीला पैसे पडतात. समाजशास्त्र शिकताना आम्ही 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ वर्गात जेवढा कळला नाही तेवढा या पाट्यांनी शिकवला.

पण 'अस्सल बौद्ध पद्धतीचे मासे' अशी पाटी तुम्ही पाहिली आहे का? मी तरी पाहिलेली नाही. आपल्या आया-आज्यांना मासे करता येत नाहीत म्हणून? खाडीच्या चिखलात पाय रुतवून कालवं काढणारी, सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी यावर घर जगवणारी बाई आपल्या वाडीत नव्हती? तिच्या हाताला चव होती, आजही आहे. तिचं नाव पाटीवर लावलं तर गाडी थांबणार नाही, हे तिला माहीत आहे, तिच्या पोराला माहीत आहे आणि गाडीवाल्यालाही माहीत आहे.

यातली गंमत बघा. (गंमत म्हणायचं, दुसरं काय.) डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. चांगला निर्णय, त्याला विरोध नाही. पण बदलायची नावं कोणाची? ज्यांच्या नावाची समाजाला लाज वाटते त्यांची. ज्या नावावर खानावळ चालते ते नाव कोणी बदला म्हणत नाही, आणि तशी मागणी मीही करत नाही. एकाच रस्त्यावर एक जातीचं नाव धंद्याचं भांडवल होतं आणि दुसरं पुसून टाकावं लागतं, एवढा फरक मात्र 'इथं ना जात' म्हणणाऱ्याने समजावून सांगावा.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं दोन मोटारसायकलींवर निघालो होतो. महाडला चवदार तळ्यावर गेलो, तिथून मंडणगड तालुक्यात आंबडव्याला, मग वेसवीवरून किनारा धरून खाली, दापोलीजवळच्या वणंदला जाऊन पुढे दाभोळ. आमच्यात तिघं बौद्ध आणि एक मराठा मित्र, कॉलेजपासूनचा. दुपारी दोनच्या सुमारास एका टपरीवर थांबलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते गाव वेगळं काही नाही. मालक साठीचे, बोलके. "या या, आत या. मागं विहीर आहे, हातपाय धुवा, पाणी एकदम गोड आहे." मांदेली कुरकुरीत सांगितली, दोन सुरमई थाळ्या, दोन बांगडा.

मग गप्पा. कुठून आलात? पुण्याहून. मूळ गाव? आमच्यातल्या एकाने मंडणगड तालुक्यातलं गाव सांगितलं. "अरे वा, म्हणजे आमच्याकडचेच! आडनाव?" जाधव. इथं काका अडले. कोकणात जाधव मराठ्यांतही आहेत आणि आपल्यातही. मोहिते, पवार, तसंच. बाहेरच्याला आडनावावरून जात ओळखल्याचं समाधान मिळतं, कोकणी माणसाला मिळत नाही. त्याच्याकडे दुसरा प्रश्न तयार असतो.

"वाडी कुठली?"

मित्राने सरळ सांगितलं, "बौद्धवाडी." आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

काका काही बोलले नाहीत. वाईट शब्द नाही, तोंड वाकडं नाही. जेवण आलं, गरम आलं, भात पुन्हा विचारला. फक्त आमच्यातला एक हात धुवायला मागच्या विहिरीकडे वळला तेव्हा ते लगबगीने उठले. "थांबा थांबा, तिकडं निसरडं आहे, मी आणतो." तांब्याने वरून हातावर पाणी घातलं. आणि प्यायला, न मागता, चार बाटल्या आणून ठेवल्या. विहिरीचं गोड पाणी अर्ध्या तासात निसरडं झालं होतं. बिलात बाटल्यांचे ऐंशी रुपये लावलेले होते.

बाहेर पडल्यावर मराठा मित्र म्हणाला, "अरे, हल्ली सगळेच बाटली देतात. स्वच्छतेसाठी. तू सगळीकडे जातच बघतोस." तो वाईट माणूस नाही, अडीअडचणीला रात्री-अपरात्री येणारा आहे. पण त्याला आयुष्यात कोणी 'वाडी कुठली' विचारून मग पाण्याची जागा बदललेली नाही. त्यामुळे त्याला बाटली दिसली आणि आम्हाला विहीर दिसली. दोघांनी बघितलं एकच.

कायद्याच्या भाषेत काकांनी काय केलं? काहीच नाही. संविधानाच्या कलम १५ने दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांत जातीवरून मज्जाव करायला बंदी घातली. १९५५च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवलं, त्यात उपाहारगृहातली भांडी वापरू न देणंसुद्धा आलं. हे बाबासाहेबांच्या संविधानाचं देणं आहे, आणि त्यामुळेच काका आम्हाला उठवू शकले नाहीत, आमच्या ताटासाठी वेगळी फळी ठेवू शकले नाहीत. ही कमाई छोटी समजू नका, आपल्या आजोबांना विचारा. पण सौजन्याने दिलेल्या बाटलीवर कुठलं कलम लावणार? आजची अस्पृश्यता कोकणात अशीच वावरते, गोड बोलून, वाकून, 'तुम्ही कशाला उठता' म्हणत. म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. लिहिता मात्र येतं.

आणि पाण्याला पैसे मोजण्याची गोष्ट त्या मातीत नवीन नाही. मार्च १९२७मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा हजारो माणसांच्या पिण्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. तळं गावात भरलेलं होतं. नगरपालिकेने ते खुलं केल्याचा ठरावही १९२४ सालीच झालेला होता. २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली आणि परिषदेच्या मांडवावर हल्ला झाला. लोक जेवत होते, त्यांच्या अन्नात माती कालवली. महाडचा लढा पाण्याचा म्हणून आपण सांगतो, पण त्या दिवशी पहिला घाव ताटावर पडला होता. आम्ही ज्या सावित्री नदीच्या काठाने आलो ती महाडवरून वाहत बाणकोटला समुद्राला मिळते. तिच्याच मुखाजवळच्या टपऱ्यांवर लोक 'इथं ना जात' असं लिहून फोटो टाकतात.

इथं कोणीतरी हमखास सावरकर काढतो. रत्नागिरीत १९३१ला पतितपावन मंदिर, १९३३ला अखिल हिंदू उपाहारगृह, सहभोजनं. झालं ते झालं, नाकारायचं कारण नाही. पण त्या उपाहारगृहाच्या नावातला पहिला शब्द कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो ते नीट वाचा. शेजारच्या गावातला कोकणी मुसलमान, ज्याच्या होडीतून मासळी येते, तो त्या 'अखिल'मध्ये कुठं बसतो? आणि दुसरं, अशा सहभोजनांना तेव्हाच उत्तर मिळालेलं आहे. १९३६च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेब सांगतात की एकत्र जेवल्याने जातीची भावना मेलेली नाही. तिचं मूळ धर्मशास्त्रांच्या अधिकारात आहे, ते उखडल्याशिवाय आणि रक्ताची नाती जुळल्याशिवाय ती मरायची नाही. सहभोजन निदान ठरवून, गाजावाजा करून, लोकांचा रोष पत्करून होत होतं. टपरीवर तीन तासांसाठी शेजारच्या टेबलावर बसलेला अनोळखी माणूस आणि आपण, यात तर तेवढाही निर्धार नाही. त्याला आपली वाडी माहीत नसते, आपल्याला त्याची नसते. ती समता आपली नाही. ती अनोळखीपणाने उधार दिलेली आहे आणि 'वाडी कुठली' विचारलं की परत मागितली जाते.

खरा मुद्दा जमिनीचा आहे, आणि त्याकडे आपली तरुण पोरं फार कमी बघतात. टपरी टाकायला काय लागतं? चवीचा हात लागतो, तो आहे. थोडं भांडवल लागतं, ते बचत गटातून उभं राहतं. पण सगळ्यात आधी रस्त्याला लागून दोन गुंठे जागा लागते. आता आठवा, आपली वाडी कुठं असते? गावाच्या कडेला, डोंगराच्या पोटाला, नाहीतर खाडीच्या खाजणापलीकडे. डांबरी रस्ता वाडीपर्यंत येतो तोच उशिरा. सागरी मार्ग रुंद झाला, पर्यटन वाढलं, तेव्हा किंमत आली ती रस्त्याकडेच्या आणि किनाऱ्याकडेच्या जमिनीला. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत?

याचं उत्तर खोतीत आहे. खोत सारा गोळा करायचा, कुळाच्या घामावर जगायचा, वर वेठ घ्यायचा. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातले शेतकरी बोटीने, पायी मुंबईत आले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. त्या मोर्चात महार होते, तसे कुणबीही होते, आगरीही होते. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्यानंतर. पण कूळ म्हणून ज्याचं नावच कुठं लागलं नव्हतं त्याच्या हाती काय आलं? खोताची आमराई राहिली, तिथं आज पर्यटकांसाठी खोल्या आहेत. कुळाला तुकडा मिळाला, तिथं टपरी आहे. आणि ज्याच्याकडे तुकडाही नव्हता त्याची पोरगी त्या टपरीच्या मागे मासे साफ करते, रोजावर. ताटाच्या फोटोत ती नसते, हे वर म्हटलंच.

आम्ही त्या दिवशी वणंदला गेलो ते रमाईंच्या माहेरी. रमाईंचे वडील भिकू धुत्रे काय करत होते? दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवण्याची हमाली. दाभोळहून दापोलीकडे येणारी चढण गाडीवरून चढतानासुद्धा दमछाक होते, आणि हा माणूस ओल्या मासळीचं ओझं डोक्यावर घेऊन, पाण्याची धार मानेवरून पाठीवर उतरत असताना चालायचा. त्या टोपलीवर रमाईंचं बालपण पोसलं. रमाई आणि भीमराव यांचं लग्न लागलं तेही भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, उघड्या शेडमध्ये. मासळीच्या या धंद्याशी आपला संबंध नाही असं कोणी म्हणालं तर त्याला हे ऐकवा. आपण या धंद्यात पहिल्यापासून आहोत, फक्त ओझं वाहणाऱ्यांच्या रांगेत. गल्ल्यावर नाही.

एक शंका इथंच निपटून टाकतो, कारण मासे म्हटलं की आपल्यातलेच काही ती काढतात. 'बौद्ध होऊन मासे कसे खाता?' विनयपिटकात देवदत्ताच्या पाच मागण्यांची हकीकत आहे. भिक्खूंनी मासे-मांस वर्ज्य करावं ही त्यातली एक. बुद्धाने ती मान्य केली नाही. ज्याला शाकाहार करायचा त्याने खुशाल करावा, पण ब्राह्मणी सोवळं पाठच्या दाराने धम्मात आणू नये.

आणि हा लेख वाचून कोणी कोळणीवर, भंडाऱ्यावर, आगऱ्यावर राग काढणार असेल तर त्याला काहीच कळलेलं नाही. हर्णैच्या लिलावात टोपली विकत घेऊन दारोदार फिरणारी बाई आपली शत्रू नाही. तिला व्यापारी दाबतो, मोठ्या ट्रॉलरवाला दाबतो, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तिची चूल थंड असते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात आणणारे सीताराम केशव बोले भंडारी समाजाचे होते. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३पासून १९३९पर्यंत चालवणारे नारायण नागू पाटील आगरी होते, आणि बाबासाहेब १९३४ साली त्या शेतकऱ्यांत जाऊन उभे राहिले होते. महाडला साथ देणारे अनंतराव चित्रे आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सीकेपी होते. पाटीवर 'आगरी चव' वाचणाऱ्याला चरी माहीत नसतं आणि 'सीकेपी मासे' खाणाऱ्याला चित्रे-टिपणीस माहीत नसतात. त्या जातींमध्ये जे लढाऊ होतं ते विसरलं गेलं आणि मसाला तेवढा उरला. त्या समाजातल्या पोरांनाही हे सांगायला हवं, आणि सांगणारे आपणच असू.

बरं, करायचं काय? फिरायचं बंद करा असं मी सांगत नाही. आपल्या बापजाद्यांना किनारा ओझ्याखालूनच दिसला. आपण मोटारसायकलवरून बघावा, सुरमई मागवावी, बिल देऊन ताठ मानेने उठावं. मागची विहीर दिसली तर उठून जाऊन हात धुवावेत, कोणी तांब्या घेऊन धावत आलं तरी. पण आपण नुसते फिरस्ते नाही. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडला आपली किती माणसं जातात? ७ फेब्रुवारीला वणंदला, एप्रिलमध्ये आंबडव्याला? त्या दिवशी ही सगळी माणसं जेवतात कुठं? महाड ते दापोली या टापूतल्या हॉटेलांचा गल्ला त्या दिवशी आपल्या पैशाने भरतो आणि दुसऱ्या दिवशी तिथंच आपल्याला 'वाडी कुठली' विचारलं जातं.

म्हणून मंडणगड-दापोली भागातल्या कार्यकर्त्यांशी आमचं बोलणं चालू आहे. दोन वाड्यांतल्या बायका तयार आहेत. पहिल्या वर्षी फक्त ७ फेब्रुवारीला, रस्त्यालगत भाड्याने घेतलेल्या जागेत, बांगडा, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि भात. जागा मागताना तीन ठिकाणी नकार आला. एका ठिकाणी तर भाडं ठरलं होतं, इसाराचे पैसे काढले होते, आणि मग घरमालकाने सहज विचारलं, करणाऱ्या बायका कुठल्या वाडीच्या? चौथी जागा मिळाली आहे, एका मुसलमान कुटुंबाची. पाटीवर काय लिहायचं यावर वाद चालू आहे. तरुण पोरांचं म्हणणं 'घरगुती मासे' एवढंच लिहू, उगाच गिऱ्हाईक कशाला घालवायचं. बायकांचं म्हणणं वाडीचं नाव लिहायचं, बौद्धवाडी, मोठ्या अक्षरात. मी बायकांच्या बाजूने आहे. जे येणार असतील त्यांनी आधी कळवा, बांगडे किती घ्यायचे ते हर्णैला आदल्या संध्याकाळी ठरवावं लागतं.

जय भीम.